रूडीचं पथ्य

"मीठ किती खातात?" डॉक्टरबेननं विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नाही," रूडी ताठ मानेनं म्हणाली. "होळीपासून मी घरात मीठ शिरूच दिलेलं नाही."

खाटेवर तिचा नवरा वालजी बेशुद्ध पडला होता. जन्मभर कच्छच्या रणात मीठ पिकवलेला म्हातारा. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी मातेला नारळ बोललं. शेवटी लेकीनं, गौरीनं, त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं.

"बा," डॉक्टरबेन रूडीला म्हणाली, "रक्तदाबासाठी आधीचे डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले असतील. बंद करा म्हणालं होतं कुणी?"

"कमी करून बरं वाटतं, तर बंद करून जास्तच बरं वाटेल ना!"

"आणि पाणी?"

"ते मी पाजते की. ऊन कसलं पडलंय! तांब्यावर तांब्या."

डॉक्टरबेननं रक्ताच्या तपासणीचा कागद उघडला. "रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळीनं अंगातलं मीठ जात होतं आणि पोटात नवीन येत नव्हतं. रक्त पाणचट झालं. ते पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं, पेशी फुगल्या. क्षारांची आत-बाहेर ये-जा चालते, त्यावरच पेशींचं काम चालतं, बा. तो तोल गेला की एक पेशी उगाच पेटते, मग शेजारची, मग सगळ्या एकदम. त्यालाच आपण फेफरं म्हणतो."

"मग चढवा ना मीठ! भराभर चढवा!"

"भराभर नाही चालत. घाई केली तर मेंदूला उलट इजा होते. भान यायलाही वेळ लागेल, माणसं ओळखायलाही."

डॉक्टरबेन गेली. गौरी आईकडे न बघता म्हणाली, "बापा माझ्याकडे यायचे मीठ मागायला. तुझ्या धाकानं मी दिलं नाही."

रूडीनं वालजीच्या अंगावरची चादर सारखी केली. एकदा वालजीच्या खिशात मिठाचा खडा सापडला होता. तिनं नातवंडांसमोर तो खिसा उलटा केला होता. "म्हातारपणी चोऱ्या करता? लाज नाही वाटत?" तो ओशाळून हसला होता. पोरंही हसली होती. आणि तिला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वालजीनं डोळे उघडले. डॉक्टरबेननं चवीपुरतं मीठ घालून थोडं ताक द्यायला सांगितलं. रूडीनं शेजारच्या खाटेवाल्यांकडून मीठ मागून आणलं, बोटानं ढवळलं, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून वाटी तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला त्याचा चेहरा उजळला. तिनं आणखी चिमूट उचलली.

त्यानं तिचं मनगट धरलं. एकदा दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला,

"बस, बेन, बस. रूडीला कळलं तर रागावेल."