वरून फोडणी

“आई! पोलेंटावर फोडणी?”

मक्याचा रवा ढवळून ढवळून शाल्मलीचा हात भरून आला होता. ओव्हनमधून काढलेला तो इटालियन पदार्थ टेबलावर ठेवून ती कपडे बदलायला काय गेली, सोनेरी चीजवर हिंग-मोहरी चरचरत होती!

“अगं, फिकट दिसत होतं बिचारं. पाहुण्यांपुढे असंच ठेवायचं?”

शाल्मलीचा नुसता तिळपापड झाला. त्यात जेवायला आलेली मामी मिटक्या मारत म्हणाली, “वन्सं, तुमच्या हाताला चवच न्यारी हं!”

आणि आईनं ते कौतुक खुशाल घेतलं की!

शाल्मलीनं उरलेला पोलेंटा भांड्यासकट स्वतःकडे ओढला.

“मामी, रविवारी पुन्हा या. आई पुरणपोळ्या करणारेय.” मग आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “वरून चीज मी किसणार.”