मोराची मान

विट्याच्या हंबीररावांकडे साड्यांचे यंत्रमाग होते. सत्त्याण्णव साली त्यांच्या सुनेने, क्रांतीने, काठाची नक्षी पडद्यावर मांडणारा प्रोग्राम लिहिला: रंगीत धाग्याला फुली, रिकाम्याला टिंब. आज मोर जमला नाही, तर कॉम्प्युटर उद्या दुकानात परत जाणार होता. मोर आला तो वेडावाकडा. "ह्याची मान बोक्यानं मुरगाळली व्हय गं?" सासरे म्हणाले. क्रांती ओळी न्याहाळत राहिली. फुली पसरून बसलेली, टिंब अंग चोरून. मागावर धागे असे बसतात का? तिथे सगळ्यांना सारखीच जागा. तिने प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा कुरियर फॉन्ट निवडला. मोर सरकला, सावरला, मान ताठ करून उभा राहिला. हंबीरराव पुढे झाले आणि पिसाऱ्यावरून बोटं फिरवू लागले. "आवं मामंजी, काच हाय ती." "व्हय," ते पुटपुटले, "पण वीण घट्ट हाय."