हेडवरचं कुंकू

"काका, ओलं हळदकुंकू? अहो, थेट प्रिंटरच्या हेडवर?" केतकी एवढ्या जोरात ओरडली, की काकांच्या हातातलं पूजेचं ताट हिंदकळलं.

"शाई जिथून येते, तिथूनच दुकानात लक्ष्मी येते," काका म्हणाले.

"मग लक्ष्मीच्या येण्याची भोकंच बुजवलीत की तुम्ही!"

काकांच्या छपाईच्या दुकानातल्या त्या अजस्र प्रिंटरच्या पांढऱ्या शाईचे लाड वर्षभर केतकीनेच केले होते. ती शाई तळाशी बसते, म्हणून रोज शाळेआधी बाटली हलवायची, हेड पुसायचं. आज खंडेनवमी, तर काकांनी तिलाच उंबऱ्यावर बसवलं होतं. म्हणे, यंत्राची पूजा घरातले पुरुष करतात, तू रांगोळी काढ!

रागाने कान तापले होते, तरी तिने घाई केली नाही. हेड साफ करायच्या सोल्युशनमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने ती ते टिपत राहिली, कुंकवाचा शेवटचा कण निघेपर्यंत. मग काळा कागद लावून तिने चाचणीचं बटण दाबलं. पांढऱ्या रेघा सरसर उमटल्या. एकही तुटकी नव्हती.

"वाचलं बाई!" काका हसले. "जा, आता रांगोळी..."

तिने त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"रांगोळी तुम्ही काढा. पूजा मी करते."