खाली बाईंचंच नाव

पापडाच्या धंद्यातले मेसेज सांभाळायला कुमुदिनीबाईंनी भंडाऱ्याची प्रणाली नावाची मुलगी ऑनलाइन नेमली. बाई सांगत, ती घरून टाइप करी.

एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, निम्मे पापड तुटलेत. "पापड आहे, तुटणारच, असं लिही," बाई म्हणाल्या. संध्याकाळी पाहतात तर प्रणालीनं लिहिलं होतं, "माफ करा काकू, दुसरे पाठवते." खाली बाईंचंच नाव.

बाईंनी फोन लावला. "माझ्या नावानं माफी मागणारी तू कोण?"

"मॅडम, सहा महिने असंच लिहितेय. म्हणून तर गिऱ्हाइकं टिकलीत."

"उद्यापासून लिहू नकोस!"

सकाळी त्याच काकूंचा फोन आला. "किती मायेनं लिहिता हो! लेकीच्या लग्नाचे पापड तुमच्याकडूनच."

"मी नाही लिहिलं," बाई फणकारल्या. "लिहिणारीला काल हाकललं."

काकूंनी फोन ठेवला.