अमेयच्या फोटोला हार

फोटोला चंदनाचा हार घालायला यमुनाबाई काही केल्या तयार होईनात.

"माझा मुलगा दोह्यात धडधाकट आहे. रविवारीच फोनवर बोललाय माझ्याशी," त्या म्हणाल्या.

"त्यानंच सांगितलंय ना?" हेमचंद्र म्हणाले आणि स्वतःच स्टुलावर चढले. हार अडकवून ते खाली उतरले.

अमेयनं सांगितलं ते गुढीपाडव्याला. दुबईत नोकरीला असताना त्यानं समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतलं होतं. राहायचं वर्षातून एक आठवडा, हप्ते मात्र बारा महिने. दोनदा राहून झालं आणि नोकरी गेली. हप्ते थकवून तो दोह्याला निघून गेला. रिसॉर्टच्या कंपनीनं वसुलीचं काम इथल्या औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसला दिलं. भारतात उतरलो की विमानतळावरच धरतील, या भीतीनं तो तीन वर्षं घरी आला नव्हता.

"मी गेलो म्हणून सांगा, बाबा," तो फोनवर म्हणाला होता. "माणूसच नाही म्हटल्यावर फाइल बंद होते. मग दिवाळीला मी घरी."

दिवाळीला घरी, एवढ्या दोन शब्दांवर म्हातारा-म्हातारी विरघळली.

सून मृण्मयीनं विरोध केला नाही. नवऱ्याचं काम म्हटलं की ती खोदून विचारत नसे. पाडव्याच्या आधी त्यानं व्हिसाचे म्हणून इंग्रजी कागद पाठवले, तेव्हाही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिनं ओट्यावरच सह्या केल्या होत्या. शेवटच्या सहीला निळं पेन मधेच संपलं, तर उरलेलं नाव तिनं काळ्यानं पुरं केलं. वाचलं काहीच नाही. घरचाच माणूस, त्याचे कागद कशाला वाचायचे!

तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, बीड बायपासचा हा फ्लॅट. करमाडची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्या पैशांतून वडिलांनी तो तिच्या नावावर घेतला होता. चौघं त्यातच राहायची, म्हणजे आता तिघं.

बेल वाजली. मृण्मयीनं कपाळ पुसलं आणि मंगळसूत्र काढून डाळीच्या डब्यात ठेवलं.

वसुलीवाल्या बिभीषणची ही तिसरी खेप. गडी गुंड वगैरे नव्हता. चितेगावच्या कारखान्यातून कमी केलेला, चपला बाहेर काढून आत येणारा. फोटो पाहून तो दारातच थांबला.

"कधी झालं, काका?"

"पंधरा दिवस झाले. अपघात. तिकडंच उरकलं सगळं."

यमुनाबाई रडायला लागल्या, आणि ते रडणं खरं होतं. जिवंत पोराला मेला म्हटलेलं कुठल्या आईला सोसेल?

मृण्मयीनं पाणी आणलं. "अर्धाच पेला द्या, वहिनी," बिभीषण म्हणाला. "आमच्याकडं बी टँकरच हाय."

पाणी पिऊन तो हेमचंद्रांकडं वळला. "दाखला येईल तवा येईल. तुम्ही एवढं लिहून द्या, म्हंजी मला पुढचं करता येईल."

महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात हेमचंद्रांची तीस वर्षं गेली होती. मृत्यूच्या हजारो नोंदी त्यांनी केल्या, हात कधी अडला नाही. आज मुलाचं नाव लिहिताना दोनदा अडला. सही करून त्यांनी कागद पुढं केला. संपलं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

बिभीषणनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग दुसरा बाहेर काढला.

"लई वाईट वाटतंय, वहिनी. पण आता हे तुमच्याकडं येतं."

"काय येतं?"

"देणं. साहेब हयात होते तवर त्यांच्याकडं मागत होतो. ते गेले तर समदं तुम्ही फेडणार, नाय तर हा फ्लॅट देणार, असं तुम्हीच लिहून दिलंय की. साहेबांनी मुदत मागितली, तवा त्यांनीच पाठवलाय कागद. पाडव्याच्या आधी."

"मी असलं काही लिहून दिलेलं नाही," मृण्मयी म्हणाली.

बिभीषणनं कागद तिच्यापुढं ठेवला. रंगीत प्रत होती. खाली तिची सही होती, अर्धी निळी, अर्धी काळी.