जैतापूरची खाडी

नकाशा उडू नये म्हणून मी त्यावर पूजेच्या ताटातला नारळ ठेवला आणि वाटेत आसरा घेण्याच्या जागांवर खुणा करायला घेतल्या, तसे काका भडकले. "अगो, निघाच्या आदी आडोसो शोधूचो नसता! तसा केला की वादळ येता. दर्यो ऐकता."

"ऐकांदे," म्हणत मी लाल पेन्सिलीनं देवगडवर गोल काढला. उद्या मी शिडाची होडी घेऊन मालवणहून रत्नागिरीला निघणार होते. पहाटे जमिनीवरून येणारा वारा धरायचा आणि दुपारी पौषातला उत्तरेचा वारा चढायच्या आत जवळच्या खाडीत शिरायचं. दुसरा गोल विजयदुर्गवर केला.

"तुझ्या बापाशीन असा कधी केल्यान नाय."

"म्हणानच बाबा परत इले नाय, काका."

पुढं आंबोळगडाचं टोक होतं. बाबांची होडी तिथंच फुटली होती. माझी पेन्सिल थांबली.

आई दारातून येऊन शेजारी बसली. "टोकाच्या अलीकडे खाडी आसा मा?"

"आसा. जैतापूरची."

"मगे गोल खय?"

मी पेन्सिल खाली ठेवली आणि नुसतं बोटानं खाडीचं तोंड दाखवलं.

बाबा गेल्यापासून आईनं कुंकवाला बोट लावलं नव्हतं. तिनं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं, मी दाखवलेल्या खाडीवर घट्ट टेकवलं आणि काकांकडे रोखून बघत मला म्हणाली,

"वारो चढलो तर हय शिरूचा."