दुसरं पाणी

"भूकंप रात्री साडेतीनला झाला. तुझा माणूस सकाळी सातला गेला म्हणतेस. बीच में साढ़े तीन घंटे. भागा क्यों नहीं?"

कारकून हिरालाल बाबूंनी टाक खाली ठेवला आणि रुख्माकडं पाहिलं. जणू उशीर तिनंच केला होता.

 फुलचूरहून पायी चालत गोंदियाच्या या कचेरीत रुख्मा अकराव्यांदा आली होती. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिचा नवरा उदाराम तारेच्या खांबांवर काम करणाऱ्या टोळीतून कराचीच्याही पलीकडं, पसनी नावाच्या गावी गेला होता. दीड वर्षापूर्वी तिथली जमीन हलली आणि समुद्र गावात शिरला. मग तार खात्याची चिठ्ठी आली. चिठ्ठीत 'मृत' लिहिलेलं नव्हतं. 'बेपत्ता' लिहिलं होतं.

त्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. धानाच्या शेताच्या चार बांध्या उदारामच्या नावावर होत्या. तो मेल्याचं नोंदल्याशिवाय रुख्माचं नाव चढत नव्हतं. मृगाच्या आत नाव चढलं नाही, तर बांध्या दुसऱ्याला लावून देऊ, असं गावच्या जमीनदार मालगुजाराच्या माणसानं बजावलं होतं. बाबू म्हणत, बेपत्ता माणसासाठी सात वर्षं थांबावं लागतं. नाहीतर साक्षीदार आण.

"मेला, बाबूजी. मेलाच हाये तो," रुख्मा दर खेपेला सांगायची. बाबूंना पटावं म्हणून दुसऱ्या खेपेच्या आधी तिनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. तेरवी केली. सासू रडली, पोरगी रडली. रुख्माला रडायला सवड नव्हती. तिला कागद पाहिजे होता.

शेवटी साक्षीदार सापडला. तिरोड्याकडचा केवलराम उदारामच्याच टोळीत होता. त्या भूकंपानंतर त्याला क्वेट्ट्याकडं धाडलं होतं, तो आता रजेवर आला होता. रुख्मा त्याच्या घरी गेली आणि त्याला घेऊनच आली.

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. रात्री जमीन हलली, सगळे उघड्यावर पळाले. उजाडायच्या आधी पाणी आलं, झोपड्यांत शिरलं आणि परत गेलं. लोकांना वाटलं, संपलं. सकाळी समुद्र खूप मागं हटला होता. चिखलात मासे तडफडत होते. उदाराम आपली पेटी शोधायला खाली तारघराकडं गेला. तेव्हा दुसरं पाणी आलं. पहिल्याहून मोठं. ते ओसरलं तेव्हा तारघर नव्हतं.

"आन तो?"

"पाच दिवस धुंडलं, वहिनी. दिसला नाही."

"मंग साहेबाले सांग, मेलेला दिसला म्हनून. तुझं काय जाते?"

"जे पायलं नाही, ते कसं सांगू?"

रुख्मा चिडली. गोंदिया येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

आता सही करणारे साहेब आत येऊन बसले होते. केवलरामनं देवाची शपथ घेतली. बाबूंनी साडेतीन तासांचा प्रश्न त्यालाही विचारला.

"पानी दुसऱ्यांदा येते, हे कोनाले ठाऊक होतं, बाबूजी?" केवलराम म्हणाला. "कोनी सांगतलं नाही. माहीत असतं तर मी जाऊ देलं असतं काय त्याले?"

बाबूंनी साहेबांकडं पाहून मान हलवली. समुद्र दोनदा येतो, हे त्यांना पटत नव्हतं. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते असू दे. मला एवढंच सांग. उदारामचं प्रेत तू स्वतः पाहिलंस?"

केवलरामनं रुख्माकडं पाहिलं.  बाबूंनी कागद मिटायला घेतला. रुख्मानं डोळे मिटले. पुन्हा पायपीट, पुन्हा तेच प्रश्न, सात वर्षं.

"पायलं," केवलराम म्हणाला.

 तो जमिनीकडं पाहत होता.

"तिसऱ्या दिवशी. पानी हटल्यावर. रेतीत पालथा पडून होता. मीच उलटा केला. तोंडात रेती, कानात रेती. एक हात असा डोक्याखाली घेतलेला, निजल्यासारखा. मी तोंड पुसलं त्याचं. मंग चौघांनी माती देली."

साहेबांनी मान डोलावली. "लिहा," ते म्हणाले.

हिरालाल बाबूंचा टाक कागदावर कुरकुरू लागला. उदाराम, राहणार फुलचूर. मृत. त्यांनी ओळ पुरी केली, शाईची डबी उघडली आणि कागद फिरवून रुख्मापुढं सरकवला.

"लगा अंगठा, बाई. हो गया तुम्हारा काम."

रुख्मानं अंगठा शाईत बुडवला. हात कागदाच्या वर थांबला. एक हात डोक्याखाली घेऊनच उदाराम निजायचा. तोंडात रेती, कानात रेती. दीड वर्षात पहिल्यांदा तिला तो मेलेला दिसला. केवलरामनं खाली पाहतच मान हलवली, लाव म्हणून.

तिनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसला आणि कागद दोन्ही हातांनी बाबूंकडं परत सारला.

"हे लिहू नका, साहेब," ती म्हणाली. "हा खोटं बोलून राहिला. यानं त्यायले मेलेलं पायलंच नाही."